चहाला बोलावलंय, जेवायला नाही

प्रश्न : ताई, पुढच्या रविवारी दुपारी ४ वाजता आईच्या भिशीच्या १२ मैत्रिणी आमच्याकडे चहाला येतायत. दादरला वन बीएचके, ओटा छोटासा. आई म्हणते वडे तळू, पावभाजीही करू. मैत्रिणींपैकी दोघींना शुगर आहे. मला टेन्शन आलंय की मी सगळा वेळ गॅससमोरच उभी राहणार. काय करू?
– एक वाचक, दादर

उत्तर : अगं, पावभाजी आधी रद्द कर. दुपारच्या चहाची ही पद्धत १८४० च्या सुमारास इंग्लंडात बेडफर्डच्या डचेस अ‍ॅनामुळे रुळली असं सांगतात, तिकडे रात्रीचं जेवण फार उशिरा व्हायचं म्हणून मधल्या भुकेला काहीतरी थोडं, आणि आपल्याकडेही एक वाजता जेवून आलेल्या बायकांना चारला तेवढंच लागतं. त्या गप्पा मारायला येतायत, त्यामुळे चारनंतर गॅसवर फक्त चहा, ह्यावर मी अगदी ठाम आहे.

वडे नकोच, बारा जणींना गरम पुरवायचे म्हणजे एक माणूस कढईपाशी अडकलंच. कोथिंबीर वडी सकाळी वाफवून ठेव, साडेतीनला शॅलो फ्राय कर, ती कोमट पण छान लागते. सोबत काकडीचं सँडविच. चकत्यांना मीठ लावून दहा-पंधरा मिनिटं ठेव, सुटलेलं पाणी टिपून घे, बटर अगदी कडेपर्यंत लाव म्हणजे ब्रेड ओला होत नाही, आणि हिरवी चटणी घट्टच वाट. कापून झाली की ओलसर फडक्याखाली झाक. खारी, नानकटाई बेकरीतून आण, फक्त खारीचं पाकीट आधी फोडू नको, मुंबईच्या हवेत लगेच मऊ पडते.

चहा थर्मासात भरून ठेवू नको प्लीज, त्याची चवच जाते. दोन राउंड वेगवेगळे कर. छोटे कप असतील तर एका राउंडला ७०० मिली पाणी आणि तितकंच दूध पुरतं. आलं आधी पाण्यात चांगलं उकळू दे, मग पावडर, मग दूध, कारण कच्चं आलं थेट दुधात पडलं तर दूध फाटू शकतं. मार्केटात गवती चहा मिळाला तर दोन पाती टाक. साखर पातेल्यात अजिबात नको, ट्रेमधे वेगळी ठेव, म्हणजे शुगरवाल्या दोघींना चारचौघीत काही सांगावं लागणार नाही.

खुर्च्या शेजारून मागून आण, गुडघे दुखणाऱ्यांना सतरंजीवर बसवू नको. आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, कोणीतरी उशिरा येणारच, तेव्हा पहिला चहा साडेचारला टाक.