व्यावसायिक टेनिसकडे वळताना: वाचकांचे प्रश्न, क्रीडावैद्यकतज्ज्ञाची उत्तरे

कॉलेजच्या टेनिसमध्ये नाव झालेल्या मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न माझ्याकडे सतत येतात. ते बहुतेक तेच ते असतात आणि त्यांतले निम्मे ऐकीव माहितीवर बेतलेले असतात. म्हणून काहींना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

मी आंतरविद्यापीठ स्पर्धेत शिवाजी विद्यापीठाकडून खेळलो. त्याचे एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या, क्रमवारीत गुण मिळतात का? (विद्यार्थी, राजारामपुरी)

नाही. गुणांसाठी आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, स्पर्धांपासून सुरुवात करावी लागते आणि त्यासाठीची ‘आयपिन’ नोंदणी खेळाडूने स्वतःच ऑनलाइन करायची असते.

एक सल्लागार काही लाख रुपयांत मुलाला ‘प्रो लायसन्स’ आणि परदेशी स्पर्धांत थेट प्रवेश मिळवून देण्याची हमी देतो. पैसे भरावेत का? (पालक, इचलकरंजी)

भरू नयेत. ‘प्रो लायसन्स’ नावाची विकत मिळणारी वस्तू टेनिसमध्ये अस्तित्वात नाही. स्पर्धेतील प्रवेश क्रमवारीवरून किंवा पात्रता फेरीतून मिळतो, आणि वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांच्या मर्जीतला थेट प्रवेश, देण्याचा अधिकार असल्या सल्लागाराला नसतो. पुरुषांच्या एम-१५ स्पर्धेची, म्हणजे आयटीएफच्या सर्वांत खालच्या पायरीवरील स्पर्धेची, एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर असते. त्यातून एकेरीच्या विजेत्याला दोन हजारांच्या थोडे वर मिळतात आणि मुख्य फेरीत पहिलाच सामना हरणाऱ्याला सुमारे दीडशे डॉलर. यात विमानाचे तिकीटही निघत नाही. त्यामुळे ते लाख रुपये प्रवास, प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी राखून ठेवावेत आणि वर्षभराचा हिशेब एखाद्या सनदी लेखापालाकडून मांडून घ्यावा.

बारावीनंतर मुलीने लगेच व्यावसायिक खेळावे की अमेरिकेतील कॉलेजात जावे? तिकडे गेले की चार वर्षे वाया जातात असे सगळे म्हणतात. (पालक, ताराबाई पार्क)

हे म्हणणारे ‘सगळे’ कोण, ते मला कधी कळलेले नाही. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ मध्ये एनसीएएचे (अमेरिकेतील कॉलेज क्रीडा संघटनेचे) एकेरीचे विजेतेपद मिळवले आणि त्यानंतर व्यावसायिक टेनिसमध्ये उतरून जानेवारी २००९ मध्ये चेन्नईतील एटीपी स्पर्धेची अंतिम फेरी गाठली. अमेरिकेचा बेन शेल्टन २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाकडून तेच विजेतेपद जिंकला आणि २०२३ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. अर्थात, ही निवडक उदाहरणे आहेत. माझ्या दृष्टीने कॉलेजचा मोठा लाभ असा, की पाठीचे आणि खांद्याचे स्नायू भरण्याच्या वयात अंगावर लक्ष ठेवणारी माणसे रोज मैदानावर हजर असतात. मात्र प्रवेशापूर्वी किती बक्षीस रक्कम स्वीकारली म्हणजे कॉलेजकडून खेळण्याची पात्रता धोक्यात येते, याचे नियम अलीकडे बदलत आहेत. म्हणून एकही डॉलर स्वीकारण्याआधी संबंधित विद्यापीठाच्या कम्प्लायन्स (नियमपालन) विभागाकडून लेखी उत्तर घ्यावे.

जिममधील सरांनी ‘शंभर टक्के नैसर्गिक, वाडामान्य’ पावडर दिली आहे. बाकी खोकल्याच्या साध्या सिरपशिवाय मी काही घेत नाही. छोट्या स्पर्धांत तपासणी कोण करते? (खेळाडू, कसबा बावडा)

याचे उत्तर थोडक्यात देणे मला जमणार नाही.

प्रथम पावडर. वाडा, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, कोणत्याही पूरक आहाराला मान्यता देत नाही. तेव्हा डब्यावर ‘वाडामान्य’ छापले असेल, तर उत्पादक धडधडीत खोटे बोलतो आहे एवढेच त्यातून सिद्ध होते. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक हा खाद्यपदार्थ विकण्याचा परवाना आहे. डब्यात निषिद्ध द्रव्य मिसळलेले नाही, याची ती हमी नव्हे. राहिले ‘नैसर्गिक’. इफेड्रिनही वनस्पतीतच सापडते, आणि स्पर्धेच्या काळात ते ठरावीक मर्यादेपलीकडे लघवीत आढळले तर खेळाडू दोषी ठरतो.

आता ते ‘साधे’ सिरप. कफ सुटावा म्हणून औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय हातात पडणारी बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचा: ब्रोमहेक्झिन आणि ग्वायफेनेसिन यांच्या जोडीला तिथे अनेकदा टर्ब्युटालिन, म्हणजे श्वासनलिका रुंदावणारे औषध, लिहिलेले असते. हे औषध केवळ स्पर्धेच्या दिवशी नव्हे, तर बाराही महिने निषिद्ध आहे. त्याच जातीचे सालब्युटामॉल दम्याच्या पंपातून ठरलेल्या मात्रेत चालते, सिरपमधून किंवा गोळीतून चालत नाही. खांदा दुखला की ‘एक टोचून टाका’ म्हणणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे, की १ जानेवारी २०२२ पासून सूज उतरवणाऱ्या (कॉर्टिसोनसारख्या) स्टेरॉइडचे कोणतेही इंजेक्शन, मग ते सांध्यात दिलेले का असेना, स्पर्धेच्या काळात निषिद्ध आहे, आणि आधी घेतलेले औषध अंगातून पूर्ण जायला काही वेळा कित्येक आठवडे लागतात.

तपासणी कोण करते, हा प्रश्नच मला अस्वस्थ करतो. आयटीएफच्या सर्वांत लहान स्पर्धेलाही हेच नियम लागू आहेत, देशातील स्पर्धांत नाडा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, नमुने घेते, आणि घेतलेला नमुना दहा वर्षांपर्यंत जपून ठेवून पुन्हा तपासता येतो. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ‘सरांनी दिले’ या सबबीने शिक्षा फार तर कमी होईल, दोष जाणार नाही. दोन किंवा चार वर्षांची बंदी बाविसाव्या वर्षी आली, तर पुढे खेळायला उरते काय? तेव्हा पावडर आजच बंद करा, सिरपची बाटली घेऊन क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांकडे जा, आणि प्रत्येक औषधाचे नाव नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर पाहा. दम्यासारख्या आजारात निषिद्ध औषधाला पर्यायच नसेल, तर उपचारासाठीची सवलत मागता येते; तो अर्ज औषध सुरू करण्यापूर्वी करायचा असतो. पकडले गेल्यावर माझ्याकडे चिठ्ठी मागायला येऊ नये.

सामन्याच्या आदल्या रात्री पांढरा रस्सा चालतो का? (खेळाडू, शाहूपुरी)

चालतो, फक्त भात कमी करू नका. तांबडा मात्र सामना झाल्यावर.

मी उजव्या हाताने खेळते. सर्व्हिस करताना कंबरेत डावीकडे तीन महिने दुखते आहे. एक्स-रे नॉर्मल आला, म्हणून खेळणे सुरूच ठेवले. पुढच्या महिन्यात पहिली आयटीएफ स्पर्धा आहे. पट्टा बांधून खेळू का? (खेळाडू, जयसिंगपूर)

खेळू नका. सर्व्हिसला कंबर मागे वाकते आणि त्याच वेळी पिळली जाते. तरुण खेळाडूंत त्या ताणाने मणक्याच्या मागील अरुंद हाडाला बारीक चीर पडू शकते. सुरुवातीला ही चीर साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, त्यामुळे तुमचा नॉर्मल रिपोर्ट येथे निरुपयोगी आहे, एमआरआय लागेल. वेळीच विश्रांती दिली तर हाड काही महिन्यांत जुळून येण्याची चांगली शक्यता असते, आणि ओढत राहिल्यास ती कमी होते. पट्ट्याने दुखणे दबेल, चीर भरणार नाही. दुखण्याचे कारण वेगळेही असू शकते, परंतु ते अंदाजाने ठरवायचे नाही. हे तीन महिन्यांपूर्वी विचारायला हवे होते. याच आठवड्यात एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवा, आणि जाताना गेल्या महिन्यात रोज साधारण किती सर्व्हिस मारल्या, त्याचा आकडा लिहून न्या. स्पर्धेतून नाव मागे घ्यायची मुदत निघून गेली तर दंड होऊ शकतो, तेव्हा ती तारीखही आजच पाहून ठेवा.