तेलविहिरींच्या सांडपाण्यात तेल मर्यादेत असेल, तर समुद्री जीवांची वेगळी तपासणी कशाला?

तुम्ही बडोद्यात प्राणिशास्त्रात एमएस्सी करताय आणि विचारताय की पाण्यातलं तेल रोज मोजतातच, मग शिंपले-मासे कशाला तपासायचे, आणि या कामात नोकरी आहे का. पहिल्या भागावर माझं बऱ्याच वरिष्ठांशी वाजलेलं आहे, म्हणून आधी तेच लिहितो.

आपल्याकडे समुद्रात सोडायच्या पाण्यातल्या तेलाला 95 टक्के वेळा 40 मिग्रॅ/लिटर आणि कधीही 100 च्या वर नाही, अशी मर्यादा आहे. दर 8 तासांनी एक, असे दिवसाचे तीन नमुने, त्यांची सरासरी. पण वजनी पद्धतीत तेल द्रावकात (तेल विरघळवून घेणाऱ्या द्रवात) ओढून घेतात, आणि तो द्रावक उडवून जे उरतं तेवढंच तुम्ही मोजता. बेंझिन, टोल्युइन द्रावकाबरोबर जातात, नॅफ्थलीनही बरंचसं जातं. विरघळलेले फिनॉल त्यात नीट येत नाहीत, आणि माशांच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करणारे अल्किलफिनॉल त्यांच्यातच असतात. त्यात बाटली आधी त्याच पाण्याने विसळली की तेल काचेला चिकटतं आणि आकडा चुकतो. बाटली काचेचीच, न विसळलेली. अख्खी बाटली वापरायची आणि शेवटी आतून द्रावकाने धुऊन तेही मिसळायचं.

खरं उत्तर पिंजऱ्यातले हिरवे शिनाणे (शिंपल्यांची एक जात) देतात. एकाच जागचे, 5–6 सेंमीचे घ्या. काही त्याच दिवशी गोठवा. हे शून्य दिवसाचे नमुने नसतील तर पुढचं सगळं फुकट. भरती-ओहोटीबरोबर प्रवाह फिरतो, म्हणून पिंजरे तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मच्या दोन्ही अंगांना, दोन खोलींवर, आणि तुलनेसाठी एक संच दूर, स्वच्छ पाण्यात. 500 मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात परवानगीशिवाय जाता येत नाही, तो अर्ज आधी करा. मुदत 4 ते 6 आठवडे. पावसाळ्यात नादच सोडा. जाळीवर बार्नेकल (चिकटून वाढणारे कवचधारी जीव) बसले की आत पाणी खेळत नाही आणि शिनाणे उपासमारीने खंगतात. मग तो ताण तेलाचा समजला जातो.

काढल्यावर पहिलं काम बोटीवरच. सिरिंजमध्ये आधी क्षारद्रावण घ्या, कवच मिटणाऱ्या मागच्या स्नायूतून तेवढंच रक्तद्रव ओढा, थेंब काचपट्टीवर ठेवा, पेशी चिकटल्या की न्यूट्रल रेड हा रंग घाला. रंग पेशीतल्या लायसोसोममध्ये (टाकाऊ पदार्थ पचवणाऱ्या पिशव्यांत) लाल ठिपक्यांसारखा साठतो. दर 15 मिनिटांनी बघा. निम्म्या पेशींत रंग बाहेर झिरपला ती वेळ लिहा. ताणाखालच्या शिनाण्यात हे लवकर होतं. ही चाचणी जिवंत पेशींची आहे. बर्फात घालून बडोद्याला आणा, इथे करू, असं सांगणाऱ्यांना माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. मांस मात्र गोठवून आणा आणि चरबीच्या प्रमाणात पीएएच (तेलातली अनेक कड्यांची विषारी हायड्रोकार्बन) काढा, कारण अंडी-शुक्र सोडल्यावर चरबी घटते आणि आकडा खोटाच सुधारलेला दिसतो. नेहमीच्या 16 पीएएचवर थांबू नका. अल्किल शेपटीवाले नॅफ्थलीन आणि फेनँथ्रीन हवेतच.

माशाचं मांस तपासून काही नाही मिळालं, असं सांगणारे अहवाल मी गंभीरपणे घेत नाही. मासा पीएएच यकृतात मोडून पित्तात टाकतो, म्हणून पित्त घ्या, तेही पिंजऱ्यात उपाशी ठेवलेल्या माशाचं. नुकतंच खाल्लेल्याची पित्ताशयाची पिशवी रिकामी असते. प्लॅटफॉर्मच्या खांबांभोवती मासे जमतात म्हणून पाणी चांगलं, हा युक्तिवादही टिकत नाही. ते आडोशाला आणि खाद्याला येतात.

हे सगळं मुंबई हायसारख्या, साधारण 75 मीटर खोल समुद्रासाठी. आपला बडोद्याचा सांडपाण्याचा कालवा सारोदजवळ महीच्या मुखाशी जातो, तिथे खंभातच्या गाळात शिनाण्यांचे कल्ले भरून जातील. तिथे चिखल आणि निवट्या (चिखलात राहणारे मासे) तपासा. नोकरीचं म्हणाल तर पर्यावरण सल्लागारांकडे आणि प्रयोगशाळांकडे काम असतं, पण रासायनिक विश्लेषण येणाऱ्याला आधी घेतात. जीसी-एमएस (मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणारं यंत्र) शिकून घ्या.