चौदा गावांचा तक्ता

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही चौघं मित्र गाडी घेऊन पोर्तुगालच्या किनाऱ्याने फिरणार, त्याचा तुझा तक्ता मिळाला. नऊ दिवस, चौदा गावं, प्रत्येक गावापुढे पोचायची आणि निघायची वेळ, शेवटच्या रकान्यात 'फोटो'. माझ्या हाताखाली होतास तेव्हा महिन्याचा रिपोर्ट इतका नेटका कधी दिला नाहीस. असो. तू विचारलंस, 'काका, काही राहिलंय का?' राहिलं काहीच नाही, उलट फार झालंय. त्यातली दहा गावं काढ.

रागावू नकोस. हे शहाणपण माझंही उसनंच आहे. आम्हीही चौघे तिथे गेलो होतो तेव्हा सहा दिवसांत अकरा गावं ठरवली होती. सातव्या गावात गाडीतून उतरलो, पांढरी घरं, निळे पट्टे, खाली समुद्र, आणि मागच्या सीटवरचा आमचा मित्र म्हणाला, "हे काल पाहिलं ना?" त्यावरून जे पेटलं ते रात्री जेवणाच्या टेबलावरही विझलं नाही. भांडण गावाचं नव्हतंच. एकाला पहाटे उठून उजेड पाहायचा होता, एकाला दहापर्यंत झोपायचं होतं, मला बंदरावर नुसतं बसायचं होतं आणि चौथा बिचारा एकटा गाडी चालवून पिचला होता. चौघांची चार घड्याळं, आणि गावाचं पाचवं. त्या पाचव्याकडे कुणी पाहिलंच नाही.

तर ही गावं बघायची कशी, ते सांगतो. मासेमारीची गावं कामाच्या वेळी बघायची. तक्त्यात तू प्राया द मिराला 'दुपारी 1 ते 2' असं टाकलंयस. त्या वेळी तिथे गाडी लावायला जागा शोधशील आणि आइस्क्रीम खाशील. त्यापेक्षा आदल्या रात्रीच मुक्कामाला जा आणि सकाळी वाळूवर उभा राहा. समुद्राने परवानगी दिली असेल तर तिथे 'शावेगा' लागते. उंच, चंद्रकोरीसारख्या नाळेची होडी जाळं घेऊन लाटा फोडत आत जाते. दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवलेलं असतं. होडी समुद्रात अर्धवर्तुळ घालते, दुसरं टोक किनाऱ्याला आणून देते आणि मग दोन्ही टोकं ओढायची. ओळखलंस? आपली रापण! मी वेंगुर्ल्याचा, लहानपणी रापणीचा दोर हाताला लागून सोललेले तळवे अजून आठवतात. फरक इतकाच की आमच्याकडे माणसं ओढत, त्यांच्याकडे पूर्वी बैल ओढत आणि आता ट्रॅक्टर. दोर गुंडाळत ट्रॅक्टर घरघरत असतो, वरती सीगल कल्ला करतात, आणि जाळ्याचा खोळ वाळूवर आला की सगळ्यांच्या माना एकदम पुढे होतात. त्या क्षणी मालवणातली बाई आणि मिरातली बाई यांच्या चेहऱ्यात काही फरक नसतो. किती लागलं? बांगडा की नुसता कचरा? तुमच्यापैकी कुणाला कंटाळा आला तर त्याला कॉफी प्यायला पाठव, पण तू हलू नकोस.

माशाची विक्री बघायला मिळाली तर कान उघडे ठेव. लिलावाला ते 'लैलांव' म्हणतात. आपला 'लिलाव' हा शब्द तिथूनच आलाय. गाडीची चावी, हॉटेलातला पाव, जाळं ओढणाऱ्याचा पगार, सगळे शब्द त्यांचेच. चारशे वर्षं शेजारी राहिल्यावर एवढं तर घरात येणारच.

दुसरं गाव पेनिश. तू ते 'सर्फिंग, 2 तास' असं लिहिलंस. सर्फिंग कर, पण किल्ला सोडू नकोस. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत हा किल्ला राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. 1960 च्या जानेवारीत कम्युनिस्ट नेते अल्वारु कुन्याल आपल्या साथीदारांसह याच तटावरून उतरून पळाले. ते पोर्तुगीज शाळेतली मुलंही सांगतील. आपल्याकडचं आपल्यालाच माहीत नसतं: गोवा मुक्तीच्या चळवळीतले त्रिस्तांव ब्रागांझा कुन्या यांना 1946 मध्ये अटक झाली, आठ वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना गोव्यातून थेट या पेनिशच्या किल्ल्यात आणून टाकलं. खाली आपटणारा समुद्र तोच, पण घर दुसऱ्या महासागराच्या काठी. आता तिथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, 2024 मध्ये खुलं झालं. चौघांपैकी दोघांना यात रस नसेल. नसू दे, त्यांना लाटांवर जाऊ दे. चौघांनी चोवीस तास एकत्रच असलं पाहिजे हा नियम कुणी केला?

नाझारेची उंच लाट मात्र तक्त्यातून खोड. समुद्राच्या पोटात तिथे एक प्रचंड घळ किनाऱ्याजवळ येऊन ठेपते, तिच्यामुळे हिवाळ्यातल्या वादळी लाटा एवढ्या उसळतात. सेबास्टियन श्टॉयट्नर हा सर्फर 2020 च्या ऑक्टोबरात ज्या लाटेवरून उतरला ती 26 मीटरची होती. पण तुम्ही जाताय सप्टेंबरच्या शेवटी, हा हंगाम ऑक्टोबरपासून पुढे. तेव्हा तिथे थांबायचंच तर वाळूवर जाळीच्या चौकटींवर मासे सुकवणाऱ्या बायका बघायला थांब. आपल्याकडच्या वाळवणासारखंच, वास ओळखीचा येईल.

आता गाडी. यावर जास्त लिहितो, कारण मैत्री इथेच मोडते. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओतून काढ, वर्षभर चालतो, आणि मूळ लायसन्स बरोबर ठेव. अनामत रक्कम ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याच क्रेडिट कार्डावर अडकवतात, हे चौघांनाही आत्ताच सांग. ऑटोमॅटिक हवी असेल तर मागून घे, नाहीतर गिअरची गाडी हातात येईल. गिअर उजव्या हाताला. पहिले दोन तास तू डाव्या हाताने दाराची कडी ओढत बसशील, मी ओढली आहे. चौकांपेक्षा गोल फेरेच जास्त, आणि आत असलेल्या गाडीचा हक्क आधी. पुण्यातल्यासारखं नाक घालायचं नाही. गावात 50, बाहेर 90, मोटरवेवर 120. ताबा घेताना गाडीचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढ, चाकांच्या रिमसकट. आम्ही काढला नव्हता. आमच्या नसलेल्या ओरखड्याचे पैसे भरले आणि ते कुणी भरायचे यावर पुढचा तासभर गाडीत शांतता. जुन्या गावात गाडी नेऊच नकोस. नकाशा खुशाल सांगेल 'डावीकडे वळा', आणि डावीकडे एका म्हशीपुरती गल्ली असेल. बाहेर लाव, चालत जा.

दोघे तरी चालवणारे हवेत, आणि ज्याची पाळी त्याने त्या दिवशी वाईनला हात लावायचा नाही. संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बाकीचे पीत असतात तेव्हा हे अवघड जातं, म्हणून पाळ्या आधीच लिहून काढ. पैशांसाठी एक सामाईक पाकीट करा. सुरुवातीला प्रत्येकाने सारखे युरो टाकायचे, पेट्रोल, पार्किंग आणि जेवण त्यातून. एक गोष्ट लक्षात ठेव: टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठव, बिलात येणार नाही.

दक्षिणेला जाताना सेतुबालहून त्रोयाला गाडीसकट फेरीबोट घे. पुढे सिनेश लागेल, वास्को द गामाचं गाव. पुतळ्याबरोबर सेल्फी काढायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी चहा पिऊन पुढे निघालो. मुक्काम विला नोवा द मिलफोन्तेशला दोन रात्री. तिथून खाली ओदेमिराच्या बाजूला रस्त्यालगत प्लास्टिकची लांबच लांब हरितगृहं दिसतील. युरोपातल्या दुकानांत मिळणारी रास्पबेरी त्यांतून जाते, आणि ती खुडणाऱ्यांत नेपाळी, बांगलादेशी, आपले पंजाबी खूप. वाटेत कुणी 'इंडिया?' म्हणून हाक मारली तर घाईत हात हलवून निघून जाऊ नकोस. दहा मिनिटं बोल.

पोहण्याबद्दल. तू मालवणात डुंबलायस म्हणून छाती फुगवू नकोस. तिथे उन्हाळ्यात उत्तरेचा वारा वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. सार्डिनची चंगळ त्यामुळेच, आणि तुझी दातखिळी पण. लाल बावट्याला पाण्यात जायचंच नाही, पिवळ्याला पाय भिजवायचे, पोहायचं नाही. सप्टेंबरअखेर बऱ्याच किनाऱ्यांवरचे जीवरक्षक घरी गेलेले असतात. दक्षिणेकडच्या अल्गार्वमध्ये कड्याच्या सावलीत टॉवेल पसरू नकोस. 2009 मध्ये मारिया लुइझाच्या किनाऱ्यावर कडा कोसळून पाच माणसं गेली.

शेवटचे दोन दिवस सांता लुझियाला ठेव. लहानसं गाव, ऑक्टोपसवर जगणारं. धक्क्यावर मडक्यांची रास दिसेल, आता बरीचशी प्लास्टिकची. लांब दोराला ओळीने बांधून ती समुद्राच्या तळाशी सोडतात. ऑक्टोपसला अंधारं बीळ आवडतं, तो घर समजून आत शिरतो आणि घरासकट वर येतो. एक म्हातारा एकेका मडक्यातली शिंपलं सुरीने खरवडत होता. मी समोर अर्धा तास बसलो. त्याने एकदाच वर पाहिलं, शेजारचं उपडं पिंप पायाने माझ्याकडे सरकवलं, बस म्हणून. भाषा लागली नाही.

नवा तक्ता रविवारपर्यंत पाठव. आणि आईला रोज एक फोटो टाकत जा. ताटाचा नको, तुझा.

तुझा,
काका