पाचारण देवाचं, पावती संस्थेची

प्रश्न : सर, सलाम. मी उद्यमबागेत लेथवर काम करतो. घर कॅम्पात. मुलगी मानसशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. मे महिन्यात मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या शिबिराला जाऊन आली, तेव्हापासून म्हणते, मला ख्रिस्ती समुपदेशक व्हायचंय, देवाने मला त्यासाठी पाचारण केलंय. सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स आहे, फी पस्तीस हजार, शनिवारी शेवटची तारीख. मला वाटतं तिने बीएड करावं. पण नाही म्हटलं तर देवालाच नाही म्हटल्यासारखं होईल का, याची धास्ती वाटते. — एक वडील, बेळगाव

उत्तर : सलाम. तुमची धास्ती आधी बघू, फीचं नंतर.

मी तुमच्या धर्माचा नाही. मिशनच्या शाळेत शिकलो, एवढाच माझा अधिकार. मुलीला खरंच पाचारण आहे की नाही, हे मी सांगू शकत नाही. ते तिने प्रार्थनेत आणि पाळकसाहेबांशी बोलून ठरवावं. पण पाचारण देवाचं असलं तरी फीची पावती संस्था फाडते. त्या पावतीवर शंका घेतली म्हणून तुम्ही देवाला नाही म्हटलं, असं होत नाही.

संस्थेला फोन करून तीन गोष्टी विचारा. प्रत्यक्ष माणसांसमोर किती तास बसवता? ते काम तपासायला कोण असतं? आणि त्याचं स्वतःचं शिक्षण काय? व्हिडिओ पाहून शेवटी प्रमाणपत्र, असं उत्तर आलं तर तो बायबल अभ्यासाचा वर्ग समजा. वर्ग चांगलाही असेल, पण त्यावर नोकरी मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते. शाळा-कॉलेजात किंवा हॉस्पिटलात समुपदेशकाची जागा निघाली की बहुधा मानसशास्त्राची नाहीतर समाजकार्याची मास्टर्स डिग्री मागतात. मानसशास्त्राची डिग्री कॉलेजात बसूनच करायला हवी, कारण २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन प्रवेश बंद केलेत. धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ बसच्या अंतरावर आहे, तिथून चौकशीला सुरुवात करा. मंडळीतच पूर्णवेळ सेवा करायची असेल तर सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मशास्त्राच्या कॉलेजची बीडी ही पदवी आहे. तिला बहुतेक ठिकाणी मंडळीचं शिफारसपत्र लागतं आणि शिकवणं बरंचसं इंग्रजीत चालतं.

बीएड वाईट नाही. पण तुमच्या पत्रात बीएडबद्दल एकच ओळ आहे आणि तीही तुमची. मुलीचं त्यावर काय म्हणणं आहे, ते कुठेच नाही.

आता त्या पत्रातल्या ज्या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो, तो भाग. तुम्ही सहज लिहून गेलात की उपासनेनंतर ती एका विधवा मावशींकडे जाते. लोक त्यांना ‘देवाची इच्छा’ म्हणून समजावतात. ही काही बोलत नाही, त्यांच्यासोबत मटार सोलत बसते. मावशी आता जेवायला लागल्यात.

मी असा सल्ला द्यायला लागलो, त्या सुरुवातीच्या काळात खानापूरहून एक मुलगा माझ्याकडे आला होता. मी चाळीस मिनिटं त्याला शाखा, कटऑफ, सगळं समजावत होतो. उठताना तो म्हणाला, “सर, पाणी मिळेल?” उन्हातून आलेल्या पोराला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तुमच्या शास्त्रातला एलीया संदेष्टा जीव नकोसा होऊन रतामाच्या झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं, आणि मग पुन्हा उठवून खायला दिलं. शाळेत ऐकलेली ही गोष्ट मला त्या दिवशी कळली. तुमच्या मुलीला ती न शिकवता येते आहे.

पण एवढ्यावर धंदा उभा राहत नाही. गावातली मंडळी छोटी असते. मंगळवारी जी बाई नवऱ्याच्या दारूबद्दल रडते, ती रविवारी पुढच्याच बाकावर बसलेली असते. तिथे कुणी चांगल्या मनाने उठून म्हणतं, “अमक्या ताईंच्या घरासाठी प्रार्थना करा.” झालं. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलं तरी गुपित फुटलंच की. विश्वास कमी आहे म्हणून उदास वाटतं, असं सांगून कुणाच्या गोळ्या बंद करणं तर त्याहून वाईट. कुठे थांबायचं आणि कधी सिव्हिलच्या डॉक्टरकडे नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरकडे पाठवायचं, हे भक्तीने येत नाही. ते शिकावं लागतं.

शिकण्याची एक जुनी पद्धत आहे. १९२५ साली अमेरिकेत वूस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉइझेन नावाच्या पाळकाने धर्मशास्त्राचे विद्यार्थी रुग्णांजवळ नेऊन बसवले. तो स्वतः आधी अशा इस्पितळात रुग्ण म्हणून राहिलेला होता. पुढे त्यातूनच क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन उभं राहिलं. रुग्णाशी झालेलं बोलणं घरी येऊन शब्दन् शब्द लिहायचं, मग मार्गदर्शक त्यावर बोट ठेवून विचारतो, इथे तू विषय का बदललास? वेल्लोरच्या सीएमसीत, म्हणजे ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे प्रशिक्षण मिळतं. मास्टर्सनंतर तिने तिथे जरूर चौकशी करावी.

आणि कन्नड. आपल्याकडे रडणारा माणूस मराठीत रडेल, कन्नडमध्ये रडेल, नाहीतर कोकणीत. सीमाप्रश्नावर आपलं मत काही असो, हॉस्पिटलातल्या टेबलावर कन्नड वाचता-लिहिता आलंच पाहिजे.

सध्या एवढंच करा. मावशींशी झालेलं पुढच्या दोन रविवारचं बोलणं तिला वहीत लिहायला सांगा, नाव-गाव गाळून. स्वतः काय बोलली तेही लिहायचं. वही तुम्ही वाचायची नाही, तिने माझ्याकडे आणायची. ती शनिवारची तारीख जाऊ द्या. असे कोर्स पुढच्या महिन्यातही निघतात.