ठोसेबाजाची कुस्ती कशी जोखायची? : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यूएफसी या एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र लढती) स्पर्धेत लढतीआधी पडद्यावर 'टेकडाउन डिफेन्स 80 टक्के' असं दाखवतात, म्हणजे खाली पाडायचे किती प्रयत्न हाणून पाडले ते. एवढा आकडा असलेल्या स्ट्रायकरला, म्हणजे ठोसे-लाथांवर भर देणाऱ्याला, कुस्ती येते, असं धरून चालावं का?

उत्तर : नुसत्या आकड्यावरून नाही. पट काढायचे, म्हणजे पाय धरून खाली पाडायचे, दहा प्रयत्न झाले, त्यांतले आठ फसले, एवढंच तो सांगतो. प्रयत्न करणारा कोण होता? मार खाऊन गांगरलेला दुसरा स्ट्रायकर लांबूनच पायात घुसला आणि तोंडावर पडला, तरी तो बचावच धरतात. जन्मभर कुस्ती केलेल्याने रिंगणाच्या जाळीला रेटून काढलेला पट अडवला, तर तोही तेवढाच. म्हणून आधी प्रतिस्पर्ध्यांची यादी बघा, टक्केवारी मग.

शिवाय पडल्यावर काय झालं, हे त्यात नसतंच. इस्राएल अडेसान्या किकबॉक्सिंगमधून आलेला. मिडलवेट या त्याच्या नेहमीच्या वजनगटात त्याला खाली दाबून ठेवणं भल्याभल्यांना जमत नव्हतं. मार्च 2021 मध्ये तो वरच्या वजनगटात यान ब्लाहोविचच्या विजेतेपदाच्या पट्ट्यासाठी लढला. गटाची मर्यादा 93 किलो, हा भरला जेमतेम 91. उभ्याने लढत अटीतटीची चालली होती. चौथ्या आणि पाचव्या फेरीत ब्लाहोविचने त्याला खाली घेतलं आणि तिथेच दाबून धरलं. टेकडाउन मोजायला एका हाताची बोटं पुरतात, पण त्यावरच निकाल फिरला. स्ट्रायकर पडला की मी म्हणूनच घड्याळाकडे बघतो. दहा सेकंदांत उठला तर पडल्याचं फार मनावर घेऊ नका. दोन मिनिटं खालीच राहिला, तर 80 टक्क्यांचा काही उपयोग नाही.

प्रश्न : मी तालमीत वाढलो. आमच्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली. इथे मात्र उताण्या पडलेल्याचं कौतुक होतं आणि पालथं होणाऱ्याला नावं ठेवतात. असं का?

उत्तर : फार चांगला प्रश्न आहे, आणि कुस्ती कळणाऱ्यालाच तो पडतो. चितपट टाळायला मल्ल पालथा होऊन मातीला चिकटतो, आणि तालमीत तेच बरोबर. एमएमएमध्ये मात्र ठोसे असतात आणि गळा आवळायलाही परवानगी असते. पालथे झालात की समोरचा पाठीवर ताबा घेतो, टाचा मांड्यांत अडकवतो आणि हात हनुवटीखाली सरकवतो. त्यापेक्षा उताणं राहून त्याला दोन पायांमध्ये धरणं कमी धोक्याचं. अर्थात तेही कायमचं नाही, उठायचं असतंच.

तेव्हा पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत पडलेल्याचे हात बघा. कच्चा स्ट्रायकर वरच्याच्या मानेला मिठी मारतो आणि पंच उभं करतील म्हणून वाट बघत राहतो. तयारीचा असेल तो एक कोपर जमिनीत रोवतो, दुसऱ्या हाताने वरच्याचं डोकं रेटतो, कंबर बाहेर काढतो आणि जाळीकडे सरकतो. पाठ जाळीला लागली की काखेत हात घालून, पाय पोटाशी घेऊन तो वर चढतो. हे सगळं बघायला कंटाळवाणं असतं आणि प्रेक्षक हुर्यो करतात, पण स्ट्रायकरची खरी परीक्षा तीच.

किकबॉक्सिंगमधूनच आलेल्या अलेक्स परेराचं उदाहरण घ्या. जुलै 2023 मध्ये याच ब्लाहोविचने पहिल्याच फेरीत त्याची पाठ घेतली आणि गळ्याला हात घातला. परेराने न घाबरता गळा वाचवला, फेरी काढली. पुढे ब्लाहोविच दमला आणि पंचांच्या विभागलेल्या कौलावर परेरा जिंकला. ग्लोवर टेशेरासारख्या जमिनीवरच्या पट्टीच्या माणसाबरोबर तो सराव करत आला आहे, ते त्या पाच मिनिटांत दिसलं.

प्रश्न : कुस्तीत मुरलेल्या खबीब नुरमागोमेडोवने ठोसेबाज कोनर मॅकग्रेगरला गुंडाळलं. म्हणजे मॅकग्रेगरला ग्रॅपलिंग, म्हणजे धरपकडीची लढत, येतच नाही ना?

उत्तर : खबीबच्या मापाने कुणालाच मोजू नका. तो 29 लढती जिंकून, एकही न हरता निवृत्त झाला. जस्टिन गेथ्जी तर अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीचा ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या अव्वल मल्लांत गणला गेलेला, त्यालाही खबीबने ऑक्टोबर 2020 मध्ये दुसऱ्याच फेरीत गळा आवळून संपवलं. मॅकग्रेगर जोखायचा तर जुलै 2015 ची चॅड मेंडेसबरोबरची लढत बघा. कुस्तीतून आलेल्या मेंडेसने त्याला पुन्हा पुन्हा खाली नेलं. पण गिलोटिनच्या (समोरून मान काखेत धरून गळा आवळायच्या डावाच्या) नादात त्याने वरची पकड सोडली, मॅकग्रेगर निसटून उठला आणि दुसरी फेरी संपता संपता त्याला ठोशांनी पाडलं. आता मार्च 2016 ची नेट डियाझबरोबरची लढत. तिथे मार खाऊन दमलेला मॅकग्रेगर स्वतःच पट काढायला गेला आणि पाठ देऊन बसला. माणूस तोच. ताज्या अंगात जे जमलं ते दमलेल्या अंगात उरलं नाही.

प्रश्न : यूएफसीचा जुना ठोसेबाज चक लिडेल क्वचितच कुणाला खाली न्यायचा. त्याला कुस्ती येत होती हे कशावरून?

उत्तर : तो कॉलेजात कुस्ती खेळलेला होता. ती त्याने वापरली फक्त उभं राहण्यासाठी. पडायची भीती नसल्यामुळे तो उजवा हात एवढा मोकळा सोडू शकायचा.

प्रश्न : रितू फोगाटसारखी कुस्तीगीर थाई बॉक्सर स्टँप फेअरटेक्सकडून जमिनीवर हरली. हे आधी ओळखता आलं असतं का?

उत्तर : बऱ्याच अंशी. ती वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए संस्थेच्या ग्रां प्रीची, म्हणजे बाद फेरीच्या स्पर्धेची, अंतिम लढत होती, डिसेंबर 2021 ची, आणि स्टँपने दुसऱ्या फेरीत आर्मबार (हात कोपरातून उलटा ताणायचा डाव) लावला. तिच्या नावावर मुय थाई आणि किकबॉक्सिंगचे पट्टे लागलेले, त्यामुळे तेवढंच डोळ्यांत भरायचं. पण 2019 मध्येच तिने आशा रोकाला मागून गळा आवळून हरवलं होतं. फेब्रुवारी 2021 मध्ये अल्योना रसोहिनाने तिलाच गिलोटिनमध्ये पकडलं, तर सप्टेंबरमध्ये त्याच रसोहिनाला तिने पुन्हा गाठून हरवलं. या तीन लढती ज्याने लागोपाठ पाहिल्या असतील, तो रितूने तिला खाली नेलं तेव्हा लगेच निश्चिंत झाला नसता.