गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडसारख्या जंगलातील नदीकाठच्या गावात जमीन घेऊन राहता येईल का?

राहता येईल, जमीन घेण्याचा विचार मात्र आपण बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या भागातील बहुतेक शेती माडिया आणि गोंड कुटुंबांची आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 36 आणि 36-अ नुसार आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीवाचून घेता येत नाही, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने मिळालेला पट्टा वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. ‘नोटरीवर करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये, कारण त्यात आपले पैसे बुडतात आणि कुणाच्या तरी घरची धुऱ्यापर्यंतची (बांधापर्यंतची) जमीन वादात अडकते. पैसा गुंतवायचाच असेल तर मोहफूल, बांबू यांवर काम करणाऱ्या गावाशी बोलावे, तेही ग्रामसभेत बसून.

इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांचा येथे संगम होतो. पर्लकोटेचे गढूळ पाणी जुन्या ठेंगण्या पुलावरून गेल्याने अनेक पावसाळ्यांत गावाचा संपर्क तुटलेला आहे, म्हणून लोक मृगाआधीच तांदूळ, मीठ आणि औषधे घरात भरून ठेवतात. हिवतापाचे भय खरे आहे. मच्छरदाणी रोज लावावी आणि ताप येताच रक्त तपासून घ्यावे.

प्रथम डिसेंबर-जानेवारीत आलापल्लीमार्गे यावे, हेमलकसा येथे 1973 पासून आदिवासींसाठी दवाखाना आणि शाळा चालवणारा लोक बिरादरी प्रकल्प पाहावा, आणि नंतर मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या फळीवर (पाने गोळा करण्याच्या केंद्रावर) सत्तर-सत्तर पानांचे पुडे उन्हात मांडले जातात तेव्हा, पुन्हा यावे.