वहिनींची सूज उतरली, पण ती मलमानेच का?

प्रश्न : बाई, डिचोलीजवळच्या आमच्या गावात आम्ही आठ बायका मिळून भिरंडेल (कोकमाच्या बियांचे तेल), खोबरेल, मेण आणि उंडीच्या झाडाच्या बियांचे तेल घालून मलम करतो. शेजारच्या वहिनींना डास चावून आलेली सूज दोन दिवसांत उतरली. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळे-पाने मिळतात त्या माटोळी बाजारात विकायचे ठरले आहे, डबीवर ‘सूज व दाह कमी करते’ असे छापणार आहोत. फार्मसी शिकणारा भाचा म्हणतो, आधी उंदरांवर प्रयोग हवा. खरेच हवा का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : उंदरांपासूनच सुरुवात करते, कारण त्या प्रयोगात माझी बरीच वर्षे गेली. उंदराच्या मागच्या पंजात कॅरेजिनन टोचतात. ते समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून काढतात, आइस्क्रीम दाट करायलाही तेच घालतात. ही पद्धत १९६२ पासून रुळली आहे. तीन ते पाच तासांत पंजा टम्म फुगतो. घोट्यावर शाईची खूण करून तिथपर्यंत तो पारा भरलेल्या नळीत बुडवायचा आणि पारा किती वर चढला ते वाचायचे.

एका पावसाळ्यात करंजेलाच्या मलमाचा निकाल इतका सुरेख आला की मी हरखून गेले. नंतर एक दिवस दारात उभी राहून पाहिले, तर माझे विद्यार्थी मलमवाला पंजा मिनिटभर हलक्या हाताने चोळत होते आणि दुसऱ्या गटातल्या उंदरांना कुणी हातही लावत नव्हते. मग करंजेल नसलेले तसेच मलम तेवढाच वेळ चोळून पाहिले. फरक जवळजवळ उरलाच नाही. करंजेल कुचकामी, असे मी म्हणत नाही. पण सूज कशाने उतरली हे आमच्या पहिल्या निकालावरून कळतच नव्हते.

तुमचेही तेच झाले आहे. डासाच्या चाव्याची सूज बहुधा दोन दिवसांत आपसूक उतरते. उंदीर मात्र नकोत. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्या आपल्या देशात २०१४ पासून बंद आहेत, आणि पंजात टोचून आणलेली सूज वेगळी, साबणाने हात भाजल्यासारखे होतात तो दाह वेगळा.

तुम्ही आठजणीच एकमेकींना तपासा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावा. खाज किंवा पुरळ आले तर तिथेच थांबा. नैसर्गिक तेलाचीही अॅलर्जी येते. काजूच्या टरफलातले तेल हाताला लागले की काय होते, ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. मुले, गरोदर बाया आणि उघड्या जखमा यांच्यापासून मलम लांब ठेवा.

मग दोन डब्या करा. एकीत तुमचे नेहमीचे मलम, दुसरीत तेच, फक्त उंडीचे तेल वगळून. ही दुसरी डबी सगळ्यात मोलाची. फिलिपिन्समध्ये एक्झिमा (इसब) असलेल्या ११७ मुलांवर आठ आठवडे खोबरेल तेलाची चाचणी झाली, तेव्हा शेजारी खनिज तेल लावलेला गट होता. कोणते तेल कुणाला, हे मुलांना आणि तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. सुधारणा दोन्हीकडे झाली, खोबरेलाच्या गटात जास्त. म्हणजे खोबरेलच काम करत असेल, तर श्रेय उंडीला कसे द्यायचे?

भांडी घासून दोन्ही हात सारखेच खरखरीत झालेल्या बाया निवडा. एका हाताला पहिली डबी, दुसऱ्याला दुसरी, वाटाण्याएवढेच, दोन आठवडे. उजवा हात जास्त राबतो, म्हणून कोणती डबी कुठल्या हाताला ते नाणे उडवून ठरवा. उंडीचा वास लावणारीला कळणारच, तो लपवायला अत्तर घालू नका, त्यानेही कातडी चिडते. त्यापेक्षा निकाल वेगळ्याच व्यक्तीने द्यावा. रोज सकाळी दहाला एकाच खिडकीशी फोटो काढा, भेगा मोजा. आपल्या सावळ्या कातडीवर दाह बहुधा लाल दिसत नाही, काळपट किंवा जांभळट दिसतो. मी तर हाताच्या पाठीने ऊब बघते.

आणखी एक, आणि हे मनापासून सांगते. कुणाच्या मलमाने एका रात्रीत सगळे शांत होत असेल, तर आधी त्यात स्टेरॉइड मिसळले आहे का, ही शंका घ्या. गजकर्णावर असले मलम लावून वरून बरे आणि आतून पसरलेले रोगी मी पाहिले आहेत.

डबीवर ‘सूज व दाह’ हे शब्द छापलेत की ती औषधाची डबी होते, त्याचा परवाना वेगळा. नुसते त्वचेचे मलम म्हणून विकायलाही सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतोच. बांबोळीला अन्न व औषध प्रशासन संचालनालयात जाऊन विचारा. यंदाची माटोळी चुकली तरी चालेल.

फोटो आणि भेगांचे आकडे मला पाठवा, निकाल देणारी मी होईन. कुठल्या हाताला कुठली डबी होती, ते मात्र चिठ्ठीत लिहून तुमच्याकडेच ठेवा.